कळलावी ओळखावी कशी आणि बागेत लावावी कशी

श्रावण-भाद्रपदात घाटरस्त्याने किंवा कोकणातल्या पाणंदीने जाणाऱ्या बहुतेकांनी कळलावीचे फूल पाहिलेले असते, पण तिची वेल पाहिलेली नसते. लाल-पिवळ्या फुलावर नजर अशी खिळते की त्याच्या खाली कोणती पाने आहेत, खोड कुठून वर आले आहे आणि ते कशाला धरून चढले आहे, याकडे कुणी बघतच नाही. फुले संपली की तीच वेल समोर असूनही ओळखू येत नाही. जिला ही वेल बागेत लावायची आहे अशा व्यक्तीला एवढी ओळख पुरणार नाही, कारण कळलावी वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने फुलते, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ती नुसती हिरवी असते, आणि निम्म्याहून अधिक वर्ष ती जमिनीखाली कंदाच्या रूपात पडून असते. शिवाय ती नखशिखान्त विषारी आहे. म्हणून यांपैकी प्रत्येक अवस्थेत ती आपल्याला ओळखू आली पाहिजे, आणि तसे पाहिले तर तिची जोपासना म्हणजे बहुतांशी हीच ओळख वर्षभर सांभाळणे होय.

ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिले. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होत असे, आता ती कोल्चिकेसी या स्वतंत्र कुळात मोडते. मराठीत तिला खड्यानाग असेही म्हणतात आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती लांगली किंवा अग्निशिखा या नावांनी येते. आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया असा तिचा मूळ पसारा आहे. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ती बागांमधून निसटून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि तिथे तिला उपद्रवी तण मानतात. देशी झाडे लावा असा सरसकट उपदेश करणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे: तीच वेल सह्याद्रीच्या पायथ्याशी घरची आहे आणि क्वीन्सलंडमध्ये घुसखोर.

तिची सर्वांत खात्रीची खूण पानाच्या टोकाशी आहे. पान बिनदेठाचे, खोडालाच चिकटलेले, तळाशी रुंद आणि पुढे निमुळते होत गेलेले असते. ते गुळगुळीत आणि चकचकीत असते, आणि त्याच्या शिरा बांबूच्या किंवा आल्याच्या पानाप्रमाणे एकमेकींना समांतर धावतात. इथपर्यंत विशेष काही नाही. पण पानाची मधली शीर पाते संपल्यावरही थांबत नाही. ती पुढे बारीक दोऱ्याएवढी होऊन निघते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी आत वळते. हाच कळलावीचा ताणा. काकडी, दोडका, कारले यांचे ताणे पानाच्या बगलेतून निघतात, घोटवेलीचे ताणे पानाच्या देठापासून जोडीने निघतात. कळलावीत पानच स्वतः ताणा होते. भिंग घेऊन पाहिले तर पात्याचा हिरवा पडदा दोन्ही बाजूंनी आखडत जाऊन त्या शिरेत विरून गेलेला दिसतो, आणि पान कुठे संपले व ताणा कुठे सुरू झाला हे नेमके दाखवता येत नाही. या टोकाला एखादी बारीक काटकी लागली की ते तिच्याभोवती वेढे घालते, मग हळूहळू कडक होते आणि पुढे पान वाळले तरी गाठ सुटत नाही. हिवाळ्यात वाळलेल्या वेलीचे अवशेष कुंपणात शोधायचे असतील तर काटक्यांना अडकलेल्या या तपकिरी गुंडाळ्या शोधाव्यात. त्यांच्यावरून खालच्या कंदाचा ठाव लागतो.

एक अडचण मात्र आहे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जो कोंब वर येतो, त्याच्या खालच्या पानांना बहुधा ताणे नसतात. कोंब जाड, टोकदार, सरळ उभा आणि बिनफांद्यांचा असतो, आणि त्या वेळी तो वेलीचा आहे असे सांगूनही कुणाला पटत नाही. याच सुमारास रानात पेवाचेही कोंब वर येत असतात आणि घाईत या दोघांची गल्लत होऊ शकते. पेवाचे खोड जाड, मांसल असते, पाने त्याच्याभोवती जिना चढावा तशी वळसा घेत चढतात आणि पानाच्या मागच्या बाजूला हात लावला तर मऊ लव लागते. कळलावी पूर्णपणे गुळगुळीत असते. कारंद्याच्या जातीच्या वेलींची पाने हृदयाकृती असतात, त्यांना ताणे मुळीच नसतात, त्यांचे खोडच आधाराभोवती पीळ घालते. पाने फुटल्यावर त्यांच्याशी गफलत होण्याचे कारण नाही. कंदाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

फुलाविषयी थोडे सावकाश लिहितो, कारण ज्यांनी ते पाहिले आहे त्यांनीही ते नीट पाहिलेले नसते. पानाच्या बगलेतून एक लांब देठ निघतो आणि त्याच्या टोकाशी कळी खाली मान घालून लोंबते. कळी हिरवट असते. उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे, म्हणजे वरच्या दिशेने, उलटतात. त्यांच्या कडा चुण्या घातल्याप्रमाणे नागमोडी असतात. सुरुवातीला पाकळी तळाशी पिवळी-हिरवी आणि टोकाशी तांबडी असते, मग लाल रंग टोकाकडून तळाकडे उतरत जातो आणि फूल जुने होईपर्यंत ते सबंध किरमिजी होते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी हिरवी, पिवळी, दुरंगी आणि लाल अशी फुले दिसतात, आणि ती निरनिराळ्या जातींची आहेत असा अनेकांचा समज होतो. सहा पुंकेसर खाली-बाजूला चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेले असतात. खरी मौज मात्र स्त्रीकेसरात आहे: हिरवा अंडाशय सरळ खाली लोंबतो, पण त्याच्यातून निघणारी कुक्षिवृंत नावाची दांडी तळाशीच जवळजवळ काटकोनात वळते आणि पुंकेसरांपासून दूर, एका बाजूला जाते. फुलाच्या स्वतःच्या परागांपासून कुक्षी, म्हणजे या दांडीचे पराग स्वीकारणारे टोक, अशी लांब ठेवली गेली की मधासाठी फुलाभोवती फिरणाऱ्या फुलपाखराने किंवा शिंजिराने दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग तिला मिळण्याची शक्यता वाढते. तमिळनाडूत औषधी कंपन्यांना लागणाऱ्या बियांसाठी कळलावीची शेती करतात, आणि तिथले शेतकरी पाखरांवर न विसंबता हाताने परागण करतात. बागेतही मऊ कुंचल्याने ते सहज करता येते.

फूल गळून गेल्यावर लांबट हिरवे बोंड धरते. ते वाळले की तीन भागांत उकलते आणि आत ओळीने बसलेल्या शेंदरी-लाल, गोल बिया दिसतात. मुलांना त्या हमखास खुणावतात. विषाचा सर्वाधिक साठाही बिया आणि कंद यांतच असतो.

हे विष म्हणजे प्रामुख्याने कोल्चिसीन. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीपासून ते वेगळे केले होते. कळलावी त्याच कुळातली आहे. पेशी विभागत असताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे तयार होतात, त्यांची जुळणीच कोल्चिसीन होऊ देत नाही. १९३७ पासून वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी संशोधक याच गुणधर्माचा उपयोग करत आले आहेत, आणि अत्यल्प मात्रेत कोल्चिसीन हे गाउट या सांधेदुखीच्या विकारावरचे औषधही आहे. पण औषधाची मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातले अंतर फार थोडे आहे. कंद पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही, नंतर घशात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि पुढे यकृत, मूत्रपिंडे, अस्थिमज्जा अशी एकेक इंद्रिये निकामी होत जातात. जे वाचतात त्यांचे केस काही दिवसांनी गळू लागतात. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. श्रीलंकेत रताळे किंवा खाण्याजोगा कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आहे आणि शोधन, म्हणजे विषाची तीव्रता कमी करणारी शुद्धी, केल्याशिवाय तिचा वापर सांगितलेला नाही. तेव्हा 'जुन्या लोकांचे औषध आहे' या भरवशावर घरी कुणी प्रयोग करू नयेत. कुणाच्या पोटात तिचा कोणताही भाग गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, वेलीचा तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

एवढे असूनही तिला बागेत जागा द्यावी असे माझे मत आहे. कण्हेर, रुई आणि धोतरा आपण अंगणात बाळगतोच, आणि त्यांच्याविषयी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते म्हणून ते खपून जाते. मात्र ज्या घरात रांगते मूल किंवा माती उकरणारा कुत्रा आहे, त्या घराने काही वर्षे थांबावे. इतरांनी कुंडीवर ठळक पाटी लावावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण डिसेंबर ते मे या काळात कुंडीत नुसती कोरडी माती दिसत असते, आणि बाग आवरणाऱ्या माणसाच्या हाती तिच्यातून रताळ्यासारखा कंद लागला तर तो काय आहे हे त्याला सांगणारे दुसरे काहीही तिथे नसते.

वेल मिळवण्यासाठी रानातून कंद उपटून आणू नये. अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून तसे करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी एका कंदाबरोबर तिथली पुढची सगळी पिढी उचलली जाते, शिवाय खडकाच्या फटीतला कंद अखंड निघतच नाही. एखाद्याच्या खाजगी कुंपणात वेल असेल तर मालकाच्या परवानगीने कार्तिकात तिची पिकलेली बोंडे घ्यावीत, किंवा देशी वनस्पती वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून कंद घ्यावा. रोपवाटिकेतून घेताना एक काळजी घ्यावी. बाजारात आकर्षक वेष्टनात मिळणारे बरेचसे कंद रॉथ्सचाइल्डियाना नावाच्या बागायती प्रकाराचे असतात. त्याच्या पाकळ्या रुंद, गडद लाल आणि पिवळ्या काठाच्या असतात, आणि चुण्या कमी असतात. आपल्याकडच्या रानातल्या रूपाच्या पाकळ्या अरुंद आणि कडांना भरपूर नागमोडी असतात. तो प्रकार सुंदर नाही असे कुणी म्हणणार नाही, पण ज्याला आपल्या डोंगरातली कळलावी हवी आहे त्याने फुलाचे छायाचित्र नीट पाहूनच कंद घ्यावा.

कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा आणि विलक्षण ठिसूळ असतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला तर तो फाटा बहुधा वाया जातो, म्हणून कंद हाताळताना त्याला बाजूने धरावे, टोकाला स्पर्श करू नये, आणि हातमोजे घालावेत, कारण त्याच्या रसाने कातडीची आग होऊ शकते. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला असताना, तो आडवा ठेवून दोन ते तीन इंच मातीखाली लावावा. कुंडी निदान बारा इंच खोल असावी, कारण नवा कंद खाली उतरत जातो. माती म्हणजे लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण पुरे. कुजलेले शेणखत मूठभर घातले तर चालते, पण खताचा मारा केला की वेल नुसती पाने काढते. काळ्या मातीत तिला लावू नये. पावसाळ्यात ती माती पाणी धरून बसते आणि कंद आतल्या आत कुजतो. रानात ती दगडांच्या गडग्यांतून आणि उतारांवरून वाढते, जिथे पाऊस मुसळधार असला तरी पाणी थांबत नाही. कुंडीत आपल्याला तेवढेच साधायचे असते. निम्मा दिवस ऊन वेलीला मिळावे आणि मुळाशी सावली असावी.

आधाराच्या बाबतीत लोक नेहमी जाड बांबू किंवा लोखंडी खांब देतात आणि मग वेल चढत नाही अशी तक्रार करतात. पानाच्या टोकाचा ताणा तो केवढा! त्याला पेन्सिलीपेक्षा जाड काही धरता येत नाही. त्याला बारीक काटक्या, तार, सुतळीची जाळी किंवा दुसरे झुडूपच हवे असते. माझ्या बागेत तिला मेंदीच्या कुंपणाशेजारी लावले आहे आणि हीच व्यवस्था मला सर्वांत सोयीची वाटते, कारण मेंदीच्या काड्या ताण्यांना अगदी माफक जाडीच्या मिळतात, मुळाशी आपोआप सावली पडते आणि फुले कुंपणाच्या माथ्यावर येतात. वेल दहा फुटांपर्यंत जाऊ शकते, कुंडीत सहसा पाच-सहा फुटांवर थांबते. कोंब वर येण्याआधीच काटक्या रोवून ठेवाव्यात. नंतर रोवायला गेल्यास कंदाला इजा होते. कोंब उभा असताना वाऱ्याने किंवा हात लागून त्याचा शेंडा मोडला तर त्या फाट्याची त्या हंगामातली फुले बहुधा गेलीच असे समजावे.

जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या आणि नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या असतात. त्या झुंडीने खातात आणि दोन-चार दिवसांत वेलीचा नुसता सांगाडा उरवतात. जे विष गुरेढोरेही टाळतात तेच पचवून त्या वाढतात आणि त्यांचे भडक रंग बहुधा पक्ष्यांना हाच इशारा देत असावेत. कीटकनाशक फवारू नये. देशी वेल लावायची आणि तिच्यावर जगणाऱ्या देशी किड्याला मारायचे, हे मला पटत नाही. वेल लहान असेल तर बहुतेक अळ्या हाताने उचलून दूर कराव्यात, मोठी असेल तर काही राहू द्याव्यात. हाच पतंग बागेतल्या लिलींवरही अंडी घालतो, त्यामुळे शेजारी लिलीचा वाफा असेल तर तिकडेही नजर टाकावी.

ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडू लागली की अनेकांना वाटते वेल मरत आहे, आणि ते पाणी वाढवतात. नेमके या वेळी पाणी कमी करून पुढे बंद करायचे असते. या काळात जुना कंद आक्रसून संपतो आणि त्याच्या जागी नवा दोन फाट्यांचा कंद तयार झालेला असतो, म्हणजे दर वर्षी आपल्या कुंडीत तसा नवाच कंद असतो. वेल पूर्ण वाळल्यावर ती मातीलगत कापावी आणि कुंडी जिथे पाण्याचा थेंब पडणार नाही अशा जागी मेपर्यंत ठेवून द्यावी. कंद दर वर्षी उकरण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी कुंडी दाटली की उन्हाळ्यात तो काढून, फाटे वाकणाच्या जागी वेगळे करून, जखमेवर राख लावून सावलीत सुकवावेत आणि निरनिराळ्या कुंड्यांत लावावेत.

बियांपासून वाढवणे हे संथ काम आहे. पिकलेल्या बिया लगेच उगवत नाहीत. त्या काही महिने सुप्त राहतात, म्हणून हिवाळ्यात गोळा करून कोरड्या ठेवलेल्या बिया पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पेराव्यात आणि त्यातल्या काही त्याही वर्षी उगवल्या नाहीत तर ती माती फेकून न देता आणखी एक पावसाळा थांबावे. पहिल्या वर्षी रोपाला मोजकी पाने येतात, ताणे जवळजवळ नसतातच, आणि गवत समजून ते उपटले जाण्याची भीती सर्वांत जास्त याच वर्षी असते. खाली वाटाण्याएवढा कंद धरला की रोप वाळते. फूल दिसायला साधारण तीन-चार पावसाळे लागतात. माझ्याकडे बिया मागणाऱ्यांना मी त्या कागदाच्या पुडीत देतो, पुडीवर 'कळलावी, विषारी, जूनमध्ये पेरावे' एवढे लिहितो, आणि घरात लहान मूल आहे का हे आधी विचारतो.